दहा ते पाच

आमच्या घरात नेट रविवारी चालायचं. सोमवार ते शनिवार दिवसा बंद, संध्याकाळी पुन्हा चालू. आमचे हे, म्हणजे स्वप्निलराव, औंढ्याच्या शाळेत मास्तर आणि शिरड शहापुरातले कंप्युटरचे जाणकार. ते सांगायचे, "दिवसा एक्स्चेंजवर लोड येतो." एवढा जाणकार माणूस सांगतोय म्हटल्यावर मी मान डोलवायची.

ही २००९ सालची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासू-सासरे सकाळीच कापूस वेचायला जात, हे शाळेत, आणि घरात मी एकटी. मला मोकळा वेळ मिळायचा तो तेवढाच. संध्याकाळी माझ्या वाट्याला भाकरी आणि भांडी, कंप्युटर यांच्या वाट्याला. रविवारी घर माणसांनी भरलेलं, त्यामुळे रविवारचं ते दिवसभराचं नेट माझ्या काही कामाचं नव्हतं.

त्या वर्षी शिक्षकभरती निघाली. अर्ज ऑनलाइनच भरायचा होता. मी डी.एड. करून घरी बसलेली, माझा सगळा जीव त्या अर्जात अडकला होता. हिंगोलीला जाऊन कॅफेत भरते म्हटलं, तर हे म्हणाले, "काहून गाडीभाडं घालवतेस? घरच्या नेटवर ती साइट उघडत नाही, मी शाळेतून भरतो ना." मग आठवडाभर रोज "आज भरतो" चाललं. शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी यांचा शाळेतून फोन आला. "इथं साइटच उघडंना. जाऊ दे, पुढच्या भरतीला बघू."

पुढच्या भरतीला! जशी काही ती औंढ्याची जीप, एक गेली की मागं दुसरी उभी. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती. हिंगोलीला पोचून रांगेत बसेपर्यंत ती टळली असती. मी रडले, त्यात लाजायचं काही नाही. मग दीपाला फोन लावला.

दीपा माझी डी.एड.ची मैत्रीण, सेनगावजवळच्या तांड्यावरची. सेनगावात कंप्युटरचा क्लास चालवायची. तोंडाची भारी फटकळ.

"रडून राहिली का? रड नंतर. आदी सांग, लाइट आहे?"

"आहे. बारालाच आली."

"नेटच्या डब्यावरचे दिवे?"

"सगळे हिरवे."

"मग लाइन बराबर आहे. लोडबिड काई न्हाई. त्या डब्यातच कुणीतरी काईतरी करून ठेवलंय. डबा उलटा कर. खाली त्याचा पत्ता छापलेला असतो, आकड्यात. तो वाच."

मी डबा उलटा केला. खाली कागद होता, पण अक्षर एक नव्हतं. खंडेनवमीला आमच्या घरी विळे, कोयते, शिलाई मशीन सगळं पूजेला मांडतात. त्या वर्षी हा डबाही मांडला होता. पूजेआधी सासूबाई प्रत्येक वस्तू रॉकेलच्या बोळ्यानं घासून पुसतात, तसा त्यांनी डबाही खालीवर पुसला होता. छपाई पार गेली होती आणि तिच्या जागी हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

दीपाला हसता हसता ठसका लागला. "धन्य तुझी सासू! बरं, कंप्युटरलाच विचारू."

तिनं मला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि त्यात एक शब्द टाइप करायला लावला. भराभर ओळी आल्या. शेवटच्या ओळीत 'डिफॉल्ट गेटवे' आणि पुढं आकडे होते, १९२.१६८.१.१.

"हाच पत्ता. आता नेटच्या वरच्या पट्टीत टाक."

"अगं, नेट बंद आहे तर पान उघडंल कसं?"

"ते पान बाहेरून येत न्हाई बाई, तुमच्या डब्यातच बसलेलं आहे. टाक तू."

टाकलं. नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. दीपा म्हणाली, "दोन्हीकडं ॲडमिन टाक. नव्या डब्याला तेच असतं. नवऱ्यानं बदललं असलं तर मात्र बसलो आपण."

ते उघडलं.

आत इंग्रजी नावांची रांग होती. मी एकेक वाचत गेले. 'टाइम रिस्ट्रिक्शन' म्हटल्यावर दीपानं थांबवलं, "तिथं काई लिवलंय का बघ." लिहिलेलं होतं. एकच नियम होता. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, नेट बंद. तिथं नियमाला नाव द्यावं लागतं. तेही दिलेलं होतं. पुनम. म्हणजे मी.

मी ते नाव दीपाला वाचून दाखवलं. ती फटकळ दीपासुद्धा हळूच म्हणाली, "ते नंतर बघ. आदी खोडून टाक अन् अर्ज भर."

मी नियम खोडला. अर्जाची साइट पहिल्या झटक्यात उघडली. फोटो आणि सही कधीची तयार करून ठेवलेली होती. मुदतीच्या आत अर्जाचा क्रमांक पडद्यावर आला आणि मी तो मोठ्यानं वाचला, ऐकायला घरात कुणी नसताना.

राग आला तो त्यानंतर. नेट बंद केल्याचा राग होताच, पण अंगाचा तिळपापड झाला तो दुसऱ्याच गोष्टीनं. माणूस कुलूप लावतो तेव्हा किल्ली निदान लपवून तरी ठेवतो. यांनी ॲडमिनचं ॲडमिन तसंच ठेवलं होतं. बायको तिथवर पोचेल हे यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी परत त्या पानावर गेले आणि पासवर्ड बदलला.

संध्याकाळी हे कंप्युटरवरून उठून जेवायला आले ते चेहरा पाडूनच. "डब्याचा पासवर्ड कुणी बदलला का?"

"मी," म्हटलं. "अन् अर्जही भरला."

शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "कसला पासवर्ड?"

मी सरळ सांगितलं, "मामा, हे रोज दहा ते पाच नेटला कुलूप घालून जात होते. अन् मला सांगायचे, एक्स्चेंजवर लोड येतो."

"नोकरी लागली अन् तिकडं गडचिरोलीला टाकलं तर?" हे पुटपुटले. "घराचं कोण पाहील?"

"मग तसं तोंडानं सांगायचं होतं. मी भांडले असते तुमच्याशी. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाही."

सासूबाई तव्यापाशी बसल्या होत्या. नेट काय, पासवर्ड काय, त्यांना काही कळत नाही. त्यांनी भाकरी उलटली आणि सासऱ्यांकडं न बघता म्हणाल्या, "तुमी रेडिओचे सेल काढून, खिशात घालून शेतात न्यायचे."

"सेल लवकर उतरायचे, म्हणून," सासरे म्हणाले.

"व्हय. दुपारी बायांचा कार्यक्रम लागायचा. एक डाव बी ऐकू दिला न्हाई मला."

आमच्याकडं पुरुषांची जेवणं उरकल्यावर आम्ही बसतो. सासूबाईंनी तव्यावरची गरम भाकरी काढली, रिकाम्या ताटात टाकली आणि ते ताट माझ्याकडं सरकवलं. "बस तू. लेकरांना शिकवायचंय तुला."

"पासवर्ड तरी सांग," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"भरतीची परीक्षा झाल्यावर," मी म्हटलं, आणि यांच्या समोर जेवायला बसले.