सहा महिन्यांच्या आतला फोटो

फौजेत मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो, तेव्हा आमचे सीओ साहेब भाषणात म्हणाले होते, "डाबरेने पाठवलेला कागद कधी परत आला नाही." हे वाक्य मी गावी, पापडीत येऊन इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी शेवटी माझी बायको कॅरल ते माझ्याआधीच पूर्ण करायची. "तुझं ऑफिस सुटलं कॉन्रॅड, तू काही सुटला नाहीस," असंही म्हणायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

आमच्या चर्चची काही मंडळी महिन्यातून एकदा कैद्यांना भेटायला तुरुंगात जातात. फादर मला म्हणाले, "आत एक आपला फौजी आहे, नंदाखालचा. त्याचे कागद अडलेत. बघता का?" कागद म्हटल्यावर मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

पास्कल लोपीस. सतरा वर्षं पायदळात, नाईक म्हणून घरी आला. चाळिशीत क्लेमेंटीनशी लग्न केलं, केळी लावली. एका संध्याकाळी वाडीच्या कुंपणावरून शेजाऱ्याशी जुंपली. पोटात दारू होती आणि हातात कोयता. शेजारी आठ दिवसांनी गेला. पास्कलला सात वर्षांची शिक्षा लागली. शेजाऱ्याची विधवा आणि क्लेमेंटीन आजही एकाच विहिरीवर पाणी भरतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

मला पास्कल आवडला नाही, हे सांगून टाकतो. माणूस मारलेल्याच्या समोर बसून अर्ज लिहिताना माझा हात आखडायचा. पण अर्धवट फॉर्म दिसला की मला राहवत नाही, तो माझा रोगच आहे. तुरुंगात गेल्यापासून त्याने हयातीचा दाखलाच दिला नव्हता. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्याने आपण जिवंत असल्याचं सांगायचं असतं, ते आतून सांगणार कोण? दाखला नाही, म्हणून पेन्शन बंद. त्यात शिक्षा झालेल्याला पेन्शन द्यायची की नाही, यावर वेगळी पत्रापत्री. मी दोन वर्षं पत्रं लिहिली. जेलरच्या सहीशिक्क्याने दाखला गेला आणि पेन्शन सुरू झाली. एकही कागद परत आला नाही. ते मी कॅरलला तीनदा सांगितलं.

खरं काम त्यानंतरचं होतं. पास्कलचं लग्न फौज सोडल्यावर झालेलं, आणि या बाबाने ते कुणाला कळवलंच नव्हतं. फौजेच्या दप्तरात तो अजून ब्रह्मचारी. म्हणजे उद्या तो गेला तर क्लेमेंटीन त्याची कुणी नव्हे. आणि तो असतानाही तिला फौजेचं दवाखान्याचं कार्ड नाही. तिला साखरेचा आजार. डाव्या पायाचं एक बोट आधीच काढलेलं. पाऊल काळं पडायला लागलं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मोठ्या हॉस्पिटलात जा, नाहीतर पाय जाईल. लोकांच्या वाडीत फुलं तोडून चार घास खाणारी बाई मोठ्या हॉस्पिटलात कुठून जाणार? दप्तरात तिचं नाव चढलं की पाय वाचणार होता. एवढी साधी गोष्ट होती.

अर्ज तयार झाला. चर्चमधून लग्नाचा दाखला आणला. राहिला फक्त नवराबायकोचा एकत्र फोटो.

क्लेमेंटीनने लग्नातला आणला. पास्कल त्यात गालांनी भरलेला, मिशीवाला. मी तो परत केला. "बाय, हा चौदा वर्षांपूर्वीचा. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा." पापडीत रायनचा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "अंकल, दोघांचे वेगवेगळे द्या, मी कॉम्प्युटरवर शेजारी बसवतो. कोणाला पत्ता नाय लागणार." मी त्याला दुकानात गिऱ्हाइकांसमोर झापलं. फौजेच्या कागदावर खोटेपणा? माझ्या हातून?

फेब्रुवारीत जेलरने स्वतःच तोड काढली. चांगला माणूस. म्हणाला, "एक अर्ज द्या. पुढच्या भेटीला बाई आल्या की दोघांना माझ्या ऑफिसात बसवतो, फोटो काढू, मागे मी सही करतो. पाच मिनिटांचं काम."

मी विचारलं, "कपडे?"

"कपडे कैद्याचेच राहणार. ते मला बदलता येत नाहीत."

मी भेटीच्या खोलीच्या दारातून पास्कलकडे पाहिलं. पांढरी बंडी, पांढरी चड्डी, डोक्याला टोपी. आणि माझ्या डोळ्यांपुढे फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं टेबल आलं. कुणीतरी पोरसवदा क्लार्क फाइल उघडणार, आतून हा असा फौजी निघणार, आणि खाली अर्ज तयार करणाऱ्याचं नाव: सुभेदार कॉन्रॅड डाबरे. माझं डोकं फिरलं. "नको," मी म्हणालो. "बारा मेला तो सुटतोय. बाहेर काढू. नीट, ब्लेझर घालून, मेडल लावून."

जेलर खांदे उडवून कामाला लागला. हे मी क्लेमेंटीनला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही.

मार्चच्या भेटीत पास्कल फारच उतरलेला दिसला. गळ्याची हाडं वर आलेली, पोट मात्र फुगलेलं. बोलता बोलता धाप लागायची. "जेवण बरोबर नाय, साब," म्हणाला. मी ते लगेच स्वतःला पटवून घेतलं. माझा स्वतःचा रेजिमेंटचा ब्लेझर मी ड्रायक्लीनला टाकला होता, तो त्याला कसा होईल याचा मी हिशेब करत होतो.

"साब," तो हळूच म्हणाला, "फोटो आत्ताच काढूया ना. जेलरसाब अजून हो म्हणतात."

"अरे, दोन महिने राहिलेत. या कपड्यांत फोटो? लाज नाही वाटत?"

तसा तो कमी बोलणारा. "मला नाय वाटत, साब," म्हणाला. "मी काय केलं ते अख्ख्या नंदाखालला ठाऊक आहे. तुम्हालाच वाटते."

मी चिडलो. उपकार करायला आलेल्या माणसाला चिडायला वेळ लागत नाही. मी फाइल बांधली, "शिस्त विसरलास तू," असं काहीतरी बोललो आणि निघालो. दारापाशी तो उठून सावधानमध्ये उभा राहिला, कारण मी सुभेदार होतो. टेबलाचा कोपरा त्याने हाताने धरून ठेवला होता.

ईस्टरनंतरच्या बुधवारी फादरांचा फोन आला. पास्कलला चार दिवसांपूर्वी सरकारी हॉस्पिटलात हलवलं होतं, लिव्हर पार गेलं होतं, आणि त्या पहाटे तो गेला. क्लेमेंटीन पोचली तेव्हा खाटेशी फक्त पहाऱ्याचा शिपाई होता. सुटायला चोवीस दिवस होते.

ब्लेझर मी घेऊन गेलो. दुसरं काय नेणार? नंदाखालच्या घरी त्याला तो आम्ही घातला, मी आणि त्याचा चुलतभाऊ क्लिफर्ड. ब्लेझर इतका सैल झाला की क्लिफर्डने मागून टाचण्या लावल्या. त्याचं मेडल मी लावलं. सरळ लागलं आहे ना, हे दोनदा पाहिलं, आणि त्याच क्षणी मला माझी इतकी किळस आली की मी बाहेर जाऊन केळीत उभा राहिलो.

चर्चमधला प्रार्थनाविधी, मिस्सा, झाल्यावर आमच्याकडची रीत असते तसा चर्चच्या पायऱ्यांपुढे शवपेटीभोवती उभं राहून फोटो झाला. फोटो काढायला रायनच होता. पहिला सगळ्यांचा. मग रायन म्हणाला, "आता फक्त बायकोचा," आणि आम्ही बाजूला झालो. शेजाऱ्याची विधवा पलीकडे भिंतीशी उभी होती. ती का आली होती, हे कुणी विचारलं नाही.

आठवड्याने मी सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. टेबलावर उन्नती नावाची मुलगी होती. तिने फाइल चाळली आणि म्हणाली, "सगळं किती नीट लावलंय, सर. मग हा अर्ज पाठवला का नाही?"

"फोटो नव्हता. म्हणजे, कैद्याच्या कपड्यांत मिळत होता."

"मग तोच लावायचा ना," ती सहज म्हणाली. "आम्ही चेहरा बघतो, सर. मागे जेलरची सही असली की झालं. अगदी लग्नातला लावला असता, तरी मी पुढे पाठवून बघितला असता."

आता काय, असं मी विचारलं. आता विधवा म्हणून नव्याने अर्ज, कोर्टाचा वारस दाखला, रेकॉर्ड ऑफिसची चौकशी. दीड वर्ष धरा, कदाचित दोन. तिने खोटं सांगितलं नाही. मी घरी येऊन कॅरलला सगळं सांगितलं.

काल क्लेमेंटीन आली. नंदाखालहून पापडीला दोन बस बदलून, पायाला फडकं गुंडाळून. पायरी चढताना तिला कॅरलने हात दिला. बसल्यावर तिने पिशवीतून पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

त्यात रायनने काढलेला फोटो होता. पेटीत पास्कल, ब्लेझरमध्ये, मेडल सरळ. शेजारी ती, एक हात त्याच्या छातीवर, कॅमेऱ्याकडे बघणारी.

"दोघांचा एकत्र आहे, साहेब," ती म्हणाली. "सहा महिन्यांच्या आतला आहे. कपडे पण बरोबर आहेत. चालेल ना?"

मला आधी वाटलं ती टोचून बोलतेय. पण नाही. फॉर्म बरोबर भरला का, असं विचारणाऱ्या माणसासारखा तिचा चेहरा होता. कॅरल आत निघून गेली.

मग मी तिला सांगितलं. फेब्रुवारीतलं, जेलरचं, माझं. काही लपवलं नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "भेटीत काचेपलीकडून फोनवर त्यानेच सांगितलं होतं. म्हणाला, साबना ते कपडे नाय आवडत, राहू दे."

"मग तू का नाही बोललीस, बाय? माझ्या दारात येऊन भांडली का नाहीस?"

क्लेमेंटीनने फोटो पाकिटात घातला आणि पाकीट पुन्हा माझ्याच फाइलवर ठेवलं.

"भांडले असते तर तुम्ही रागावला असता," ती म्हणाली. "आमचा कागद हातात घेणारं दुसरं होतं कोण?"