भुईमिस्त्रीचा शिकंजा

या, असे जवळ सरका. आणखी जरा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. गोष्ट एका सुताराची आहे, आणि ती सांगून होईपर्यंत उठायचं नाही, एवढं कबूल करा.

त्याला सगळा गाव भुईमिस्त्री म्हणे. जन्मापासून त्याचे दोन्ही पाय काडीसारखे, नुसते कमरेला लटकलेले. चार चाकांच्या फळीवर बसून, हातांनी जमीन मागं रेटत तो फिरे. बाकीचे सुतार लाकूड पायांनी दाबून धरतात. याच्यापाशी दाबायला पायच नव्हते. मग पठ्ठ्यानं काय करावं? बसायच्या पाटालाच दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक जमिनीत रोवलेल्या लाकडी जबड्याला जोडलं. मागं रेललं की जबडा गच्च मिटे, पुढं झुकलं की सुटे. असा त्याचा शिकंजा!

"देवानं पाय दिले नाहीत," तो हसत म्हणे, "पण वजन दिलं ना? तेच कामाला लावलं."

दुकानात त्याची करवत, रंधे, पटाश्या सगळं भिंतीला खाली, बसल्या हाताला लागेल असं टांगलेलं. गिऱ्हाईक आत आलं की त्याला वाकूनच बोलावं लागे. "वाका, वाका," भुईमिस्त्री म्हणे. "देवापुढं वाकता, तसं लाकडापुढंही वाका थोडं." रंध्याच्या तालावर तोंडानं देवाचं नाव चालू असे, आणि भुशाचा वास त्या मातीच्या जमिनीत मुरलेला.

धाकट्या भावाला त्यानंच हाताला धरून शिकवलं, आणि भाऊही चांगला कारागीर निघाला, त्याच दुकानात काम करू लागला. एके दिवशी हा धाकटा म्हणाला, "दादा, ताईचा निरोप आलाय. गोठ्याचं दार मोडलंय तिचं. दार करायचं तर तुम्हीच, असा हट्ट धरून बसलीये."

"मग तू जा की."

"मी केलेलं पसंत पडेल होय तिला? तिचे लाडके तुम्ही!"

थोरल्या बहिणीचं बोलावणं. भुईमिस्त्री तिच्या गावी निघाला.

गोठ्याचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यानं त्यावरून हात फिरवला. फळी फुटलेली नाही, कुठं कुजलेली नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू सरळ फिरवून काढलेले, आणि पुन्हा लागतील म्हणून वाटीत जपून ठेवलेले.

"ताई, हे दार मोडलेलं नाही. उतरवलेलं आहे."

ताई चुलीत फुंकर घालायला वळली. "तू आपला नवं कर रे," म्हणाली.

भुईमिस्त्री मनात सुखावला. वेडी! भाऊ चार दिवस राहावा म्हणून चांगलं दार उतरवते! त्यानं नवं दार केलं, ते झाल्यावर कपाटाची फळी, मग पाट. "अजून दोन दिवस राहा," ताई म्हणत राहिली. नवव्या दिवशी गावाकडं जाणारी गाडी मिळाली, तसा तो निघालाच.

दुकानाच्या दारातून आत शिरताना त्याची चाकं सुळकन पुढं घसरली. खाली बघतो तर फरशी! मातीची जमीन गेली होती. मधोमध उभ्या माणसाच्या कमरेइतकी दोन टेबलं. भिंतीवरची सगळी हत्यारं वर चढलेली. त्यानं सवयीनं रंध्यासाठी हात वर केला. हात दोन विती खालीच राहिला.

आणि शिकंजा? एका टेबलाचा पाय आखूड पडला होता. टेबल डुगडुगू नये म्हणून त्याखाली शिकंज्याचा जबडा सरकवलेला होता.

"दादा! तुम्ही परवा येणार होतात ना?"

त्या 'परवा'नं सगळं सांगितलं. वाटीतले स्क्रू डोळ्यांपुढं आले, ताईची फिरवलेली पाठ आली.

"ताईला दार उतरवायला तूच सांगितलंस?"

धाकट्यानं मान खाली घातली. "दोन माणसं कामाला येतायत, दादा. ती जमिनीवर बसणार का? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही..."

"अर्धी भिंत सोडली असती. टेबलंही मीच करून दिली असती. निदान पाय तरी आखूड पडला नसता."

"तुमच्यासाठी ओट्यावर खुर्ची ठेवलीये, गादीची. जन्मभर राबलात. आता नुसतं बसा."

"बसूनच तर जन्म काढला रे," भुईमिस्त्री म्हणाला. "नुसतं बसायला आज पहिल्यांदा कुणी सांगितलं."

त्यानं आपला रंधा मागितला, आणि जबडा. धाकट्यानं जबडा ओढून काढला तसं टेबल एका बाजूला कललं.

खुर्चीवर तो कधी बसला नाही. दुसऱ्या सकाळी ओट्याच्या खांबाला जबडा जखडून, दोर पाटाला बांधून तो तिथंच कामाला लागला. माणसं पायरीवर, त्याच्या उंचीला येऊन बसू लागली. "दादा, आत या, तुमच्यापुरतं खाली टांगतो," असं धाकटा पुष्कळदा म्हणाला. "राहू दे," एवढंच उत्तर. तो उंबरा त्यानं मरेपर्यंत ओलांडला नाही. भावाशी भांडला नाही, बहिणीला बोल लावला नाही. देवाचं नावही सुटलं नाही. पण कुणीही काही दुरुस्तीला बोलावलं, अगदी सख्ख्यातल्या सख्ख्यानं, तरी तो आधी एकच विचारी, "मोडलंय, की उतरवलंय?"

आता उठा. फक्त एक मागणं आहे. कधी आपल्या माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याला न विचारता त्याच्या भिंतीवरची खुंटी हलवायला जाल, तेव्हा हातोडी उचलण्याआधी घटकाभर त्या भुईमिस्त्रीची आठवण काढा.