तोंड भिंतीकडं

"कुणी पिंपात धान्य ओतायला लागलं की तोंड भिंतीकडं करायचं, दाक्षायणी. पाऊल ओळखीचं वाटलं तरी वळायचं नाही."

हे बसव्वांचं सांगणं. सोलापुरात दवाखान्यामागच्या गल्लीत त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दासोह सुरू केला. येईल त्याला जेवण, पैसे नाहीत. त्या गेल्यावर संस्थेचं काम माझ्याकडं आलं. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. तसंच हेही पाळते.

पाहणीला आलेल्या कर निरीक्षकाला हे ठाऊक नव्हतं. तो मोजमाप घेत असताना मागच्या दारानं कुणी आलं, पिंपात ज्वारी पडल्याचा आवाज झाला आणि आम्ही सगळ्याजणी पिठाच्या हातांनी भिंतीकडं वळलो.

"कोण होतं ते?"

"माहीत नाही, साहेब."

"घरात शिरून गेलं आणि माहीत नाही?"

आम्ही काहीतरी लपवतोय असं त्यानं धरलं. मग नोटीस आली. देणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर द्या, नाहीतर मालमत्ता करातली सूट बंद, हॉटेलच्या दरानं कर लावू.

"हॉटेल म्हने!" महानंदा भाकरी थापत म्हणाली. "मग वाढायला त्यालाच ठेवू की."

हसलो, पण तेवढा कर भरायचा तर चूल बंद करावी लागली असती.

नावं मला खरंच माहीत नव्हती. एक सोडून, आणि तेही नोटिशीनंतर कळलं. नोटिशीची बातमी पसरली तशी ती स्वतःच दुपारी आली. तिचं नाव इथंही लिहीत नाही. तिच्या सासरच्यांचं संस्थेशी जुनं वाकडं. वडील दवाखान्यात होते तेव्हा ती इथं जेवली होती आणि आता पेठेतल्या दुकानात शिवण करून मिळालेल्या पैशातून ज्वारी आणते, घरी न सांगता.

"अक्का, नाव गेलं तर मला घरात राहू देणार नाहीत."

"नाही जाणार. निकाल काही लागो, त्याच दिवशी दुकानात येऊन सांगते."

नोटिशीवर महापालिकेत सुनावणी झाली, तेव्हा गुरुशांत वकील सोबत होते. त्यांनी धान्य किती आलं, किती जेवले, सगळं समोर ठेवलं. "मॅडम, कर भरणाऱ्याला कारण विचारायचा हक्क आहे. सूट द्यायला देणाऱ्याचं नाव लागतं, हे कुठल्या नियमात आहे?"

अधिकारी बाईंनी निरीक्षकाकडं पाहिलं.

"मॅडम, मी डोळ्यांनी बघितलंय. सगळ्या बायका भिंतीकडं तोंड करून उभ्या!"

"का, ते विचारलंत?"

बाई माझ्याकडं वळल्या. मी सांगितलं.

"जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"देणाऱ्याला आम्ही बघत नाही, मॅडम. जेवणाऱ्यालाही जात-गाव विचारत नाही. देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटू नये, घेणाऱ्याला ओझं."

"म्हणजे एकही नाव तुम्हाला माहीत नाही?"

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. 'नाही' म्हटलं असतं तर सुटले असते. खोटं बोलायचं नाही, हेही रोजचंच.

"एक माहीत आहे. पण सांगणार नाही."

बाईंनी नियमाचं पुस्तक चाळलं, मागची पानंही पाहिली.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "मला विचारताच येत नाही. हिशेब बरोबर आहे. सूट चालू राहील, मागणी रद्द." मग निरीक्षकाला, "पुढच्या वेळी आधी विचारा, मग लिहा."

जिना उतरताना कठड्याला धरून थांबले. उन्हाचा झोतही गार वाटला. महानंदा खाली उभी होती. माझा चेहरा बघूनच तिनं हात जोडले.

"सुटलो न्हवं?"

"सुटलो."

"लई हळू बोलता तुमी. मला वाटलं, तुमचं ऐकलंच न्हाय कुनी." डोळे पुसत ती हसली. "चला, रिक्षा करू. जेवणारी वाट बघत असतील."

"तू हो पुढं. वाढायला घे."

"आन तुमी कुटं?"

"आलेच."

तिनं पुन्हा विचारलं नाही. रिक्षा वळेपर्यंत मी थांबले, पदर डोक्यावर घेतला आणि पेठेच्या बाजूला चालू लागले.