पाठीवरच्या चार ओळी

मी पौडच्या बँकेतल्या फळ्यावरचा कागद बोलतोय. नुसता कागद म्हटलं की लोक हलक्यात काढतात, म्हणून आधीच सांगतो, मी परिपत्रक आहे, आणि तेही देशभरच्या बँकांच्या संघाचं.

त्या संघाचा मला केवढा अभिमान होता! स्वातंत्र्याच्या सुमारास बँका उदंड झाल्या होत्या आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एकीला जो पुरावा चाले, तोच दुसरीला चालत नसे. त्यात लबाडांचं फावे, आणि एखादी बँक बुडाली की लोक सगळ्याच बँकांना नावं ठेवत. शेवटी बँकांची जाणती माणसं मुंबईत एकत्र बसली. सरकारशी बोलायचं ते एका तोंडाने आणि नियम करायचे ते सगळ्यांना सारखे, असं ठरलं आणि संघ उभा राहिला.

मला चोपन्न साली छापलं, दोन्ही अंगांनी. पुढे नियम होता की पैसे मागणाऱ्याचं नाव खात्यातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं. मागे चार ओळी होत्या. लग्नात नाव बदललेल्या बाईच्या बाबतीत गावच्या दोन जाणत्या माणसांची साक्ष घ्यावी आणि पैसे द्यावेत, असं त्यांत होतं.

पण माझ्या माथ्यावर छापलं होतं, 'दर्शनी भागात लावावे'. मॅनेजर भिवाजीराव मोठे आज्ञाधारक. मी आलो त्याच दिवशी त्यांनी खळ करवून घेतली आणि मला फळ्यावर पक्कं चिकटवलं. उलटून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

छप्पन्नच्या मे महिन्यात कोळवणच्या गोजराबाई आल्या. विधवा बाई. त्यांचा एकुलता एक भाऊ कोंडिबा धरणावर कामाला होता, तो तापाने गेला होता. त्याने आपल्या आणि बहिणीच्या नावावर ठेव ठेवली होती. गोजराबाईंची लेक रत्ना सातवीची फायनल पास झालेली, पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागलेला. पंधरा जूनच्या आत पैसे भरायचे होते. नाहीतर दीर तिला उजवून टाकायला टपलेच होते.

कारकून अन्वरने खातं काढलं. "मावशी, हितं नाव चंद्रभागा हाय."

"मीच की ती! म्हायेरची चंद्रभागा, सासरची गोजरा. दादा मला मरस्तवर चंद्रीच म्हनायचा."

अंगठ्याची जागा कोरी होती. बहीण आली की अंगठा उठवून घेतो, असं कोंडिबा म्हणाला होता, ते राहूनच गेलं.

भिवाजीरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई, नाव बदलल्याचा कागद आणा."

"सायेब, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिवलं. त्ये तांदूळ शिजवून खाल्लं आमी. त्येचा कागुद कुटनं आनू?"

"साहेब, सगळा गाव सांगंल," अन्वर म्हणाला.

"नियम माझा नाही अन्वर, संघाचा आहे."

गोजराबाई चार खेपा आल्या. एकदा तर पोलीस पाटील कुशाबा आणि म्हाताऱ्या गेणबांना घेऊन आल्या. नेमकी दोन जाणती माणसं! मी फळ्यावर नुसता तडफडत होतो. माझ्या पाठीवर त्या बाईचं उत्तर होतं आणि त्यावर खळ वाळली होती. दोघंही पाणी पिऊन परत गेले.

भिवाजीरावांनी वरच्या ऑफिसला अर्ज पाठवला. उत्तर आलंच नाही. पंधरा जून गेला. मार्गशीर्षात दिरांनी रत्नाला मारुंजीला देऊन टाकली.

तीन वर्षांनी बँकेला रंग द्यायचा निघाला. अन्वरने ओल्या फडक्याने मला सोडवलं, उलटं केलं, वाचलं आणि साहेबांपुढे ठेवलं. भिवाजीरावांनी वाचून चष्मा काढला. अन्वर तसाच सायकलवर टांग टाकून कोळवणला गेला.

दुसऱ्या दिवशी कुशाबा आणि गेणबांची साक्ष झाली. गोजराबाईंनी अंगठा दिला, पैसे मिळाले. अन्वरने त्यांना माझ्या चार ओळी वाचून दाखवल्या.

"लई चांगलं लिवलंय बाबा," त्या म्हणाल्या. "पन माझी रत्ना तिकडं पदरात पोर घिऊन शेनगोठा करतीया. तिला आता माघारी आनायचा कंचा फारम हाय तुमच्याकडं?"

तसला फॉर्म संघाने छापलेला नाही.

हल्ली मी अन्वरच्या खणात असतो, कोपरे फाटलेला. मुंबईहून नवी परिपत्रकं येतात आणि भिवाजीराव प्रत्येकाची पाठ आधी बघतात. त्याने मला काही समाधान होत नाही. तुम्हीही कागद दाखवून कुणाला दारातून परतवण्याआधी तो एकदा उलटून बघा, एवढंच मागणं आहे. मी चुकीचा छापलेला असतो तर बरं झालं असतं. माझ्यात एका अक्षराचीही चूक नव्हती, हेच मला सहन होत नाही.