सासूबाईंचा ड्रम

प्लंबरचं घर गल्लीच्या उतारावर सगळ्यात खाली होतं. गटाराची लाइन तुंबली, की वरच्या बारा घरांची घाण आधी त्याच्या मोरीत उसळायची. तक्रारी करून करून चपला झिजल्या, तेव्हा त्याने त्या लाइनचा नाद सोडला आणि घरात कोरडा संडास बसवला. बैठकीखाली ड्रम, लघवीला वेगळी नळी, धुवायला बाजूची मोरी आणि हाताशी सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा. ड्रममध्ये दोन मुठी भुसा टाकायचा. पाण्याचा थेंबही नाही. भरलेला ड्रम मागच्या अंगणात वर्षभर झाकून ठेवला की आतलं खत होतं. सहा महिने घरात वास म्हणून आला नाही.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेली सासू राहायला आली आणि पंधरवड्यात घरात नाक धरून बसायची वेळ आली. त्याने झाकण उघडलं तर आत नुसता चिखल. बायकोला विचारलं, ती उलट त्याच्यावरच उखडली. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्याने भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली, संडासातली बादली उचलून नेली. ड्रम ओलाच. शेवटी भुसा ओला देतोस म्हणून तो सुताराशी भांडून आला. सुताराने कोरडा खडखडीत भुसा त्याच्या हातावर ओतला आणि पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं.

आठवड्याने सकाळी कामावर निघताना त्याला सासूबाई दिसल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेलं पातेलं, आणि पावलं संडासाकडे.

त्याचं डोकंच फिरलं. पण आवाज चढवायच्या आतच त्या खुर्चीवर बसल्या.

"पाणी टाकलं की गेल्यासारखं वाटतं," त्या खाली बघत म्हणाल्या. "माझी घाण जावयाने उचलायची? मग या घरात मी तोंड कसं दाखवू?"

"आई, तीस वर्षं अख्ख्या गल्लीची घाण काढतोय मी. तुमचीच तेवढी जड होणार आहे का?"

"गल्ली काही तुमची सासू नाही."

दिवसभर तो लोकांचे नळ बसवत मनातल्या मनात चरफडत राहिला. संध्याकाळी मात्र त्याने एक लहान ड्रम आणला, त्याला चार चाकं आणि कमरेएवढा दांडा जोडला. हा फक्त तुमचा, म्हणाला. तुम्हीच ढकलायचा, तुम्हीच झाकायचा.

आता दर रविवारी सासूबाई दांड्याला धरून तो ड्रम अंगणात नेतात. वीस पावलांना अर्धा तास लागतो. तेवढा वेळ घराबाहेर पडायचा बोळ अडतो आणि प्लंबर हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन मागे ताटकळतो. मदतीला हात पुढे केला तर काठी उगारतात. वास मात्र गेला. परवा तर त्यांनीच त्याला हाक मारून मोठ्या ड्रमचं झाकण उघडून दाखवलं. भुसा टाकायला एवढा हात आखडतो का, म्हणून बायकोसमोर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

त्याने भुशाचं रिकामं पोतं घेतलं आणि तो सुताराची माफी मागायला निघाला.