बेचाळीस तारांचं विमान

मी विमान बोलतोय. हसू नका! खरं विमान नाही, त्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं. एकावर एक असे दोन पंख, मध्ये लाकडी रंगाचे खांब आणि सगळीकडून ओढलेल्या बारीक बारीक तारा. उडणं माझ्या नशिबात नव्हतंच, त्याचं मला काही वाटत नाही. मला जीभ नाही, त्याचं मात्र फार वाटतं. का, ते ऐका.

मी एका खोक्यात आलो, सुटा सुटा. मला घरी आणणारा माणूस दातांच्या कवळ्या बनवायचा. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या तोंडात दात बसवले. पण कवळी छान बसली की लोक डॉक्टरांचे पाय धरायचे. मागच्या खोलीत बसून ती घासणारा हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याचा त्याला भयंकर राग. दिवसातून एकदा तरी म्हणायचा, "काम आमचं आणि नाव त्यांचं!" निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, आता असं काहीतरी करायचं ज्याच्यावर आपलंच नाव लागेल. ते काहीतरी म्हणजे मी.

सुरुवात झकास झाली. कवळ्यांच्या कानशींनी त्यानं माझे भाग घासले, दातांच्या ड्रिलनं पंखांना सुईएवढी भोकं पाडली, रंग असा लावला की ब्रशचा फराटा दिसू नये. खालचा पंख बसला, खांब उभे राहिले, वरचा पंख टेकला. मी मनातल्या मनात शीळ घातली. मग तारांची वेळ आली आणि सगळा घोळ झाला.

तारा म्हणजे नायलॉनचा केसासारखा दोरा. पंख हवेत वर पळू नयेत म्हणून धरतात त्या उडत्या तारा, जमिनीवर खाली लोंबू नयेत म्हणून धरतात त्या उतरत्या. दोन्हींचा ताण सारखा लागतो. या गृहस्थानं काय केलं? डाव्या बाजूच्या सगळ्या तारा आधी ओढून घेतल्या, हात थरथरत असताना, दात-ओठ खाऊन. झालं! माझा वरचा पंख डावीकडे असा मुरडला की मी कुणावर तरी नाक मुरडतोय असं दिसायला लागलं. वर म्हणतो कसा, "खोक्यातच वाकडा आलाय."

घरात त्याची बायको होती आणि सव्वीस वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिचं नाव चिमटी पडलं ते पडलंच. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर फ्रेम्स दाखवायची. मुलगी चष्म्याच्या दुकानात आणि बाप दहा वर्षांपूर्वीच्या चष्म्यावर हटून बसलेला, असं ते घर. एका दुपारी बाप घोरत असताना तिनं त्याच्या सगळ्या तारा कापल्या आणि नव्यानं ओढायला घेतल्या. मधून सुरुवात, मग बाहेर. एक डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. टोकाला कपड्याचा चिमटा लोंबकळत ठेवायचा, गोंद वाळला की चिमटा काढायचा. प्रत्येक तार झाली की नखानं हलकेच छेडून कान द्यायची. जोडीचा आवाज जुळला नाही तर पुन्हा कापायची. तेवीस दिवस लागले तिला. माझा पंख सरळ झाला, सुतासारखा सरळ. आयुष्यात मला इतक्या प्रेमानं कुणी हाताळलं नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

बापानं भिंग लावून पाहिलं. "हं. बरं आहे," एवढंच म्हणाला.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. अर्ज भरायचा होता. मुलीचं अक्षर चांगलं, म्हणून तिलाच बसवलं. "बांधणी कोणी केली?" या रकान्यापाशी ती थांबली. बाप म्हणाला, "लिही, स्वतः." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "स्वतः". आता तो शब्द जिच्या हातचा होता तिच्याच बाबतीत खरा होता, पण हे मी सोडून कुणाच्या लक्षात येणार? मला गंमत वाटली होती तेव्हा. मूर्खच होतो.

प्रदर्शनात एक बाई माझ्यासमोरून हलेचनात. संग्रहालयातल्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख होत्या त्या. त्यांच्याकडची जुनी मॉडेलं खिळखिळी झाली होती, तारा सैल पडल्या होत्या, आणि हे काम येणारा माणूस मिळत नव्हता. त्यांनी विचारलं, "या तारा कुणी ओढल्या? मला तो माणूस हवाय. कायमच्या नोकरीवर. वयाची अट नाही."

चिमटी बापाची पिशवी धरून शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. तोंड उघडलं होतं तिनं.

"मीच की! दुसरं कोण?" बाप म्हणाला.

परतताना रिक्षात ती हळूच म्हणाली, "बाबा, मला जमलं असतं हो ते काम. काउंटरवर जीव विटलाय माझा."

"अगं वेडे, मी एकदा आत शिरलो ना, की तुला घेतलंच म्हणून समज."

तिनं विश्वास ठेवला. आठवडाभर गाणी गुणगुणत होती.

पुढच्या सोमवारी मला खोक्यात घालून तो एकटाच संग्रहालयात गेला. बाईंनी त्याच्यापुढे एक मोडका पंख आणि दोरा ठेवला. म्हणाल्या, "फक्त दोन तारा ओढून दाखवा." तास गेला, दीड तास गेला. दोरा भोकात जाईना. कपाळावरचा घाम पंखावर टपकला. "नवा चष्मा करायला टाकलाय," तो पुटपुटला.

बाई भल्या होत्या हो! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, आणि त्यांना सगळं कळलं. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, घरी आणखी कुणी करतं का हे काम? मुलगा, मुलगी? मी आजच बोलावून घेते. या तारा फार सुंदर आहेत."

माझे पंख थरारले. सांग रे बाबा, सांग! एक नाव घ्यायचंय फक्त!

"नाही," तो म्हणाला. "आमच्या घरात कुणाला यातलं ओ की ठो कळत नाही."

मी ऐकलं हे, या कानांनी, म्हणजे कान असते तर त्यांनी.

घरी चिमटी दारातच उभी होती. "काय झालं, बाबा?"

त्याला तेव्हाही खरं बोलता आलं असतं. पण माणसाला आपली फजिती लपवायची असली की तो हाताशी येईल ते पुढे करतो. यानं पोरीला पुढे केलं. चपला काढता काढता म्हणाला, "जवळून तपासल्यावर तारांत खोट काढली त्यांनी."

"कुठल्या तारेत?"

"सगळ्याच. हात कच्चा आहे म्हणाल्या."

 चार दिवस कामावरून आली की भिंग घेऊन माझ्यासमोर बसायची. बेचाळीसच्या बेचाळीस तारा तपासल्या तिनं. खोट सापडली नाही. सापडणार कुठून? पण बिचारीनं त्याचा अर्थ काय लावला माहितीये? खोट दिसत नाही, म्हणजे ती ओळखण्याचीही अक्कल आपल्याला नाही. पाचव्या दिवशी तिनं भिंग कपाटात ठेवून दिलं. पुढे दुकानदारानं तिला आतल्या टेबलावर दुरुस्तीला बसायला सांगितलं, तर नाही म्हणाली. आईला सांगताना ऐकलं मी, "नको गं, माझा हात कच्चा आहे."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. चिमटी आता तिच्या घरी असते. मी इथे बैठकीत काचेच्या पेटीत, शेजारी त्या प्रदर्शनात मिळालेला पहिल्या बक्षिसाचा कप. पाहुणे येतात, तारांचं कौतुक करतात. म्हातारा मान डोलावतो.

परवा ती आली होती, लेकीला घेऊन. पोरगी काचेला नाक लावून म्हणाली, "आई, हे कुणी केलं?"

"आजोबांनी. तारा मी ओढल्या होत्या, पण त्या चुकल्या."

म्हातारा मागेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फडकं उचललं, काच पुसायला लागला आणि म्हणाला, "धूळ फार बसते इथं."

तो सांगणार नाही, हे मला कळून चुकलंय. संग्रहालयातल्या त्या बाई आता कुठे आहेत, देव जाणे. उरलो मी, आणि मी तर असा. म्हणून तुमच्या पाया पडतो, तुम्ही तरी तिला गाठा आणि माझा निरोप सांगा. बाई गं, एकही तार चुकली नव्हती. त्यांनी तुलाच मागितलं होतं.