पळून गेलेल्याची मरीआई

सरिताने चपला काढल्या.

"काढू नका. काचा आहेत," संघपाल म्हणाले.

तोवर तिने अनवाणी पाऊल जोत्यावर ठेवले होते. जोते म्हणजे तरी काय, चार ओबडधोबड दगड, त्यांच्या फटींतून माजलेली वेडी बाभूळ आणि मधोमध कोणीतरी आणून टाकलेला फुटका कमोड. मॉरिशसहून मुंबई, मुंबईहून छत्रपती संभाजीनगर आणि तिथून संघपालांच्या गाडीने पिशोरच्याही पुढे आत वळून या गावापर्यंत ती आली होती, ती हे पाहायला. तिचा खापरपणजोबा पुंजाराम याच घरातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेला. मागे राहिलेल्या भावाचा वंश संघपालांपर्यंत आला. दोघांचे कागद गेल्या वर्षी जुळले, तेव्हापासून ती संघपालांना 'काका' म्हणत होती.

संघपाल इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मुळे शोधत येणाऱ्यांचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. जिथून जीव घेऊन पळावे लागले, त्याच जागेची पतवंडांना एवढी ओढ का लागावी, या विषयावर त्यांनी एक निबंध लिहिला होता. परिसंवादात तो सर्वांनी वाखाणला आणि कोणी वाचला नाही.

सरिताने खांद्यावरच्या पिशवीतून लाल कापडाची पुरचुंडी काढली. आत पितळेचा एक टाक होता. त्यावरचा मुखवटा बोटांनी आणि हळदीने झिजून जवळपास सपाट झाला होता.

"ही आपली मरीआई," ती म्हणाली. तिची मराठी शाळेत शिकलेली, इस्त्री केल्यासारखी होती. "पुंजाराम जहाजावर हिला सोबत घेऊन गेले होते. हिची स्थापना मूळ घरी व्हावी, ही माझ्या वडिलांची अंतिम इच्छा होती. मी त्यांना वचन दिले आहे."

संघपाल क्षणभर त्या पितळेकडे पाहत राहिले.

"मूळ घर तुमच्या पायाखाली आहे," ते म्हणाले. "आणि माझ्या घरी देवघर नाही. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्याच वर्षी आमच्या घरानेही घेतली. देव होते ते नदीत टाकले. टोपलीभर होते."

"टाकले?"

"विसर्जन म्हणा हवं तर. शब्द चांगला आहे."

एवढ्यात रस्त्याच्या बाजूने राजेंद्र आला. पाटलांच्या घरातला थोरला आणि देवळाच्या जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष. परदेशातून पाहुणी आल्याची वर्दी त्याला कोणी दिली हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या एका हातात शाल-नारळ होते, दुसऱ्या हातात मोबाइल.

"मॅडम, कशाला काळजी करता? देव आमच्याकडं द्या," सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला. "मंदिराचं काम चालूच हाय. गाभाऱ्यातच बसवू. वडलांच्या नावाची पाटी लावू."

सरिताचा चेहरा उजळला. "खरंच? गाभाऱ्यात?"

"जुनं काय ऱ्हायलंय आता, सर?" राजेंद्रने संघपालांकडे पाहिले.

"खरं आहे. माझ्या वडिलांची सावली पडली म्हणून देवळाची जी पायरी धुतली होती, तीसुद्धा राहिली नाही. ग्रॅनाइट बसवलंत."

"सर, तुम्ही लगेच तिकडंच जाता."

"छे, आभारच मानतोय. जागा देताय. आधी माणसाला द्यायची आणि मग देवाला, हा क्रम तेवढा चुकला."

संघपालांचा आवाज वर्गात सनावळी सांगावी तसा सपाट होता. राजेंद्रने शालीची घडी उगाचच पुन्हा घातली. सरिता दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"काका, तुम्ही नाही म्हणता, हे हो म्हणतात. मी वचन दिले आहे. मी काय करू?"

"नदी जवळच आहे," संघपाल म्हणाले. "हिच्या बाकीच्या बहिणी तिथेच आहेत."

ते बोलून झाल्यावर त्यांनाच त्यातला निष्ठुरपणा ऐकू आला. सरिताने टाक मुठीत घट्ट धरला आणि मान फिरवली.

"काय चाललंय रे तुमचं?" गाडीतून आवाज आला. संघपालांच्या आई गीताबाई मागच्या सीटवर दार उघडे टाकून बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेली बाई, पण कान शाबूत. "आन पोरी, बघू दे मला."

सरिताने टाक त्यांच्या हातावर ठेवला. गीताबाईंनी तो उन्हाकडे धरला, उलटा करून पाहिला, आणि बोटाने त्याची कड चाचपली.

"आशाच व्हत्या. टोपली माझ्याच डोक्यावर व्हती," त्या म्हणाल्या. "नवी नवरी मी. सासरा म्हनला, टाक. टाकली. सासू रडली. म्या नाय रडले." मग सरिताकडे पाहून विचारले, "तिकडं निवद काय दाखवता हिला?"

"मंगळवारी गोड पोळ्या. आणि रोज घरात जे शिजेल, त्यातला पहिला घास."

"रोज? पैला घास?"

"हो, आजी. तिच्याआधी कोणी जेवत नाही."

गीताबाई हसल्या. त्यांच्या तोंडात दात दोनच होते.

"हितं तिला पाटलाच्या वाड्यावरची शिळी भाकर दावायचो. मागून आनलेली. आमीबी तीच खायचो, मग दुसरी कुठून आनायची?"

राजेंद्र नदीकडे जाणाऱ्या वाटेकडे पाहू लागला. गीताबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"तिकडं सुखात हाय की ही. मग हितं कशाला आनली, परत उपाशी मारायला?"

"पण वडिलांना शब्द..."

"तुझ्या बापानं हे गाव बघितलं व्हतं का?"

सरिताने मान हलवली. नाही.

"मग त्येला काय ठावं? पुंजाराम पळून गेला. लई शाना मानूस. जाताना हिलाबी सोडवली. सोडवलेल्याला कुनी माघारी आनून बांधतं का, बाई?"

गीताबाईंनी टाक पदराने पुसला, लाल कापडात गुंडाळला, उरलेले दोन दात आणि बोटे लावून गाठ घट्ट आवळली आणि पुरचुंडी सरिताच्या पिशवीत स्वतःच्या हाताने खाली, तळाशी ठेवली. आईने गाठ मारण्याआधी पुरचुंडी किंचित कपाळाकडे नेली की डोळ्यांना दिसावे म्हणून जवळ धरली, हे संघपालांना ठरवता आले नाही. त्यांनी ते ठरवलेही नाही.

सरिता जोत्यापाशी परत गेली. तिथली माती घ्यायला ती वाकली, थांबली, आणि हात झटकून तिने चपला घातल्या.

"चहा तरी घेऊन जा," राजेंद्र म्हणाला. शाल अजून त्याच्याच हातात होती.

"घेऊ की," गीताबाई म्हणाल्या. "कपात देनार आसशील तर."

चहा कपातच आला, बशीसकट. गीताबाईंनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग गाडी निघाली. गाव मागे पडल्यावर सरिताने मोबाइलवर आपले घर दाखवायला सुरुवात केली. अंगण, पपईची झाडे, भिंतीपलीकडे समुद्र. गीताबाईंनी मोबाइल नाकाशी धरून एकेक चित्र पाहिले.

"एवढं समदं पुंजारामाचं?"

"आपलंच, आजी."

पिशोरचा बाजार मागे गेला.

"संघपाल."

"काय, आई?"

"ते विमानाचं पुस्तक असतं ना, शिक्के मारायचं? या वयात निघंल का रे माझं?"

पुढे रस्ता मोकळा होता. तरी गिअर बदलायचे संघपालांना बराच वेळ सुचले नाही; गाडी दुसऱ्यातच चालत राहिली.